एकदाच उघडलेलं दार

धाकली नावाची एक बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा केसरीनाथ भोईर खुर्चीत डुलक्या काढत होते आणि खालच्या मजल्यावरचे कापड विणणारे लूम त्यांच्या घोरण्याला ठेका देत होते.

"ऋतिकाताई हायेत का?"

ऋतिकाने मान वर केली. धामणकर नाक्याजवळच्या त्या लहानशा ऑफिसात ती खाजगी तपासाची कामं घेऊन बसायची. केसरीनाथ तिचे सख्खे काका. पूर्णा गावातली जमीन गोदामवाल्यांना भाड्याने दिल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती. पुतणीची गाडी चालवायची आणि तिचं कौतुक करायचं. दुसरं काम ते जास्त मन लावून करत.

धाकली गणेशपुरीच्या बाजूच्या पाड्यावरची. तिचा नवरा नवशा पूर्णेच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. काल दुपारी सगळे पुढे आरतीला जमले असताना त्या गोदामातून महागड्या मोबाईलच्या चार पेट्या गेल्या. मागच्या दाराचा भोंगा वाजला, माणसं धावली, तर दाराशी नवशा एकटाच उभा.

"आज ड्युटीवर गेला तर वॉचमनच्या केबिनमध्ये बसवून ठेवलाय. सांजपर्यंत माल दे, न्हायतर पोलीस. ताई, त्यानं माल घेतलाच न्हाय, तर देल कुठून?"

"तो काय सांगतो?"

"दाराला हात बी लावला न्हाय, इतकाच सांगतो."

"आणि भोंगा?"

धाकलीने खाली पाहिलं. "भोंगा वाजला. ता खरा हाय."

केसरीनाथांच्या मते प्रकरण तिथेच संपलं. माणूस खोटं बोलतो, भोंगा कशाला बोलेल? पण ऋतिकाने चपला पायात सरकवल्या होत्या.

"काका, गाडी काढा. धाकली, तूही चल."

पूर्णेच्या रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती. गोदामाच्या गेटवर वॉचमनने धाकलीला बाहेरच थांबवलं. "चोर की औरत अंदर नहीं जाएगी," तो चारचौघांत म्हणाला. हमाल वळून बघू लागले. धाकली मागे वळली. भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. केसरीनाथांना ते आवडलं नाही, पण ऋतिका आत निघाली होती.

गोदामाची मॅनेजर मेघाली केणी कडक बाई होती. "तुम्हाला जे बघायचं ते बघा. मला नवशाबद्दल राग नाही, पण भोंग्याला नातंगोतं नसतं."

मागचं दार म्हणजे आगीच्या वेळी पळायची वाट. अरुंद, लोखंडी, आणि उंबरठा असा उंच की ढकलगाडी जाणं शक्य नाही. ऋतिकाने मूठ फिरवून दार उघडलं. समोर भोंगा किंचाळला आणि थोड्या वेळाने थांबला. तिने हात सोडला, तसं दार स्प्रिंगने आपोआप मिटलं.

"दाराखाली वीट सरकवली तर?"

"सरकवून बघा."

केसरीनाथांनी वीट सरकवली मात्र, दाराच्या चौकटीवरचीच एक वेगळी घंटी अशी केकाटली की त्यांनी दोन्ही कान गच्च धरले.

"हिला कॉम्प्युटर लागत नाही," मेघाली ओरडून म्हणाली. "दार उघडं राहिलं की ही वाजणारच. काल ही वाजलीच नाही. वाजला तो आतला भोंगा, तोही एकदाच."

"चोरीला गेलेल्या पेटीएवढी पेटी दाखवाल?"

पेटी आली. छातीएवढी रुंद, दोन्ही हातांत जेमतेम मावेल अशी. केसरीनाथांनी ती उचलली, पाठीने दार ढकललं, कसेबसे उंबरठ्यापलीकडे गेले, आणि दार मागे मिटलं. भोंगा पुन्हा किंचाळला.

"म्हणजे एका खेपेला एक पेटी," ऋतिका म्हणाली. "पेट्या चार. आणि दार उघडलं...?"

"एकदा," मेघाली म्हणाली. मग थांबली. हे आता तिच्याही लक्षात येत होतं. "त्यानं बाहेर फेकल्या असतील. भिंतीपलीकडे कोणी साथीदार असेल."

"चार पेट्या, एका उघडझापीत?"

मेघाली त्यांना नवशाकडे घेऊन निघाली.

वॉचमनच्या केबिनमध्ये नवशा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. ऋतिकाने त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"तू आरतीला का नव्हतास?"

"माल सरकवायचा नवीन पट्टा बसवला, त्याची पूजा होती. पन माझ्या फोर्कलिफ्टची बॅटरी उतरली होती, ती चार्जिंगला लावायची होती. चार्जिंग मागं हाय. मी बाहेरून वळसा घालून आलू, कोपऱ्यावर पोचलू आनि भोंगा वाजला. म्हणून बघायला दाराकडं गेलू. दार बंदच होता."

"दाराला हात?"

"न्हाय लावला, ताई. किती जनांना सांगू?"

मेघालीने मागच्या अंगणाचं चित्रीकरण लावलं. त्यात दार दिसत नव्हतं, ते कोपऱ्याआड होतं. दिसत होतं अंगण, पाण्याचं पिंप, एका बाजूला भंगारात काढलेली कॉम्प्युटरची लोखंडी कपाटं. चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ चालू होतं. अंगण रिकामं. आणि एकदम दाराकडच्या कोपऱ्यावर नवशा.

"परत लाव," केसरीनाथ म्हणाले. "ह्यो चालत कुठं आला? देव प्रकटतो तसा प्रकटला."

"कॅमेरा मधूनमधून अडखळतो," मेघाली म्हणाली. "घड्याळ बघा ना. सलग आहे, कुठे खंड नाही."

केसरीनाथ मात्र पडद्यापाशी नाक नेऊन बसले. उभा जन्म शेतात गेला होता. "घड्याळाचा मना ठाव न्हाय. पन ह्या खांबाची सावली बघ. आता पिंपाच्या पायाशी होती, आता पिंपावर चढली. सूर्य कधी उडी मारतो का?"

"ढग आला असेल, काका."

"ढग आला तर सावली जाते. पुढं सरकत न्हाय."

ऋतिकाने काकांकडे असं पाहिलं की त्यांची छाती उगाचच फुगली. कशामुळे ते मात्र त्यांना कळलं नाही.

"आरती चालू असताना आत काय चालू होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. सगळे पुढे होते. हां, लेबलचं मशीन तेवढं चालू होतं. ऑर्डर आली की ते आपलं आपण लेबल छापतं. कोणी उचलणारं नव्हतं, तर परत येऊन बघते तो जमिनीवर कागदाची ही एवढी वेटोळी. मलाच गुंडाळावी लागली."

"आणि भोंगा वाजला तेव्हा पुढे कोण कोण होतं?"

"सगळे. आमचा कॉम्प्युटर बघणारा भावेश तेवढा उशिरा आला. आला तोही फोनमध्ये डोकं घालून. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, आरतीत तरी फोन खिशात ठेव. तेवढ्यात भोंगा झाला. लगेच गेट बंद करून सगळ्यांच्या झडत्या घेतल्या, गोदाम पालथं घातलं. काही मिळालं नाही."

"हा भोंगा वाजवतं कोण?"

"ते मला विचारू नका," मेघालीने हात जोडले. "त्याची तीन माणसं आहेत."

पहिला दीपेश. गोदामांच्या आवारातल्या थंड खोलीत त्याचे सर्व्हर होते. "मशीन माझं," तो म्हणाला. "एकाच मशीनमध्ये मी आभासी मशीनं करून भाड्यानं देतो. प्रत्येकाला वाटतं आपला स्वतंत्र कॉम्प्युटर आहे. दाराची तार माझ्याच मशीनला येते. काल माझ्याकडचं काही थांबलं नाही. वजनकाटा, गेट, सगळं ह्याच्यावरच आहे. ट्रक चालूच होते की."

दुसरा भावेश. तरतरीत, हातात चाव्यांचा जुडगा, काखेत लॅपटॉप. "दीपेशकडून घेतलेलं आभासी मशीन मी सांभाळतो. लेबलं त्याच्यावरच छापली जातात. भोंग्याचं आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ठाण्याच्या लोकांचं आहे. त्यांना त्यांचं वेगळं मशीन हवं होतं, म्हणून माझ्या मशीनच्या पोटात आणखी एक आभासी मशीन करून दिलं. आत काय चालतं ते त्यांचं ते जाणोत. मॅडम, लवकर आटपेल का? दुपारी भंगाराचा टेम्पो येतोय. ती मागची कपाटं मला द्यायची आहेत."

तिसरी मृणाली. भोंग्याचं सॉफ्टवेअर तिनेच लिहिलं होतं. ती ठाण्याहून मुद्दाम आली होती. चेहऱ्यावर झोप नव्हती.

"माझं सॉफ्टवेअर काल एक क्षणही थांबलं नाही, मी तपासलंय," ती म्हणाली. "बंद होऊन चालू झालं असतं तर मला ठाण्यात लगेच कळलं असतं. दार उघडल्याची हाक एकदाच आली, मी भोंगा एकदाच वाजवला." ती थांबली. "पण मॅडम, एका उघडझापीत चार पेट्या जात नाहीत. माझ्या भोंग्यामुळे माणूस तुरुंगात जाणार असेल, तर चूक माझ्यात शोधा. मला ती सापडत नाहीये."

केसरीनाथांना ती पोरगी फार आवडली. आपली बाजू सुटत असताना स्वतःहून अंगावर घेणारं माणूस रोज कुठे भेटतं?

"हाक म्हणजे?" ऋतिकाने विचारलं.

"आम्ही इंटरप्ट म्हणतो. कॉम्प्युटर आपल्या कामात असतो. दार उघडलं की तार त्याला हाक मारते, हातातलं सोड आणि आधी माझ्याकडे बघ. ही हाक दीपेशच्या मशीनला येते. ते ती भावेशच्या मशीनला देतं. ते माझ्या मशीनला."

"आणि तुझं मशीन त्या वेळी झोपलेलं असेल तर?"

"झोपलेलं?" मृणाली म्हणाली. मग ती ऋतिकाकडे बघतच राहिली.

ऋतिकाने घड्याळाकडे नजर टाकली. "मेघालीताई, सगळ्यांना मागच्या दाराशी बोलवा. आणि भंगाराचा टेम्पो आला तर गेटवरच उभा करा."

सगळे जमले. नवशालाही आणलं. केसरीनाथ एका खोक्यावर बसले. ही घटका त्यांना सगळ्यात आवडायची. पोरगी बोलू लागली की त्यांना वाटायचं, हिच्या आजोबांनी ऐकायला हवं होतं.

"काका," ऋतिकाने त्यांच्यापासूनच सुरुवात केली. "तुमच्या जागेवर गोदामवाला भाडेकरू आहे. त्याने आत पोटभाडेकरू ठेवला. पोटभाडेकरूला निरोप आला तर तो कसा पोचतो?"

"माझ्या फाटकावर येतो. मी भाडेकरूला देतो, तो पोटभाडेकरूला देतो."

"इथेही तसंच आहे. दीपेश मालक, भावेशचं मशीन भाडेकरू, मृणालीचं पोटभाडेकरू. आता कोणी पोटभाडेकरूला गाढ झोपवलं. बंद नाही केलं, नुसतं झोपवलं. मग काय होईल? उठल्यावर त्याला वाटेल, मी डोळा मिटलाच नाही. त्याचं घड्याळ जिथे थांबलं तिथूनच पुढे चालेल, आणि नंतर बाहेरच्या घड्याळाशी गुपचूप जुळवून घेईल. म्हणून मृणालीला खंड दिसला नाही. चित्रीकरणही तेच मशीन करतं. घड्याळ फसलं, पण सूर्य फसला नाही. सावलीने उडी मारली, आणि नवशा प्रकट झाला. तो चालत आला तेव्हा मशीन झोपेत होतं."

"देवा," केसरीनाथ म्हणाले.

"त्या झोपेत दार उघडलं. एकदा नाही, चारदा तरी. हाका आल्या, पण घेणारा झोपलेला. मग त्या गेल्या कुठे?"

"हरवल्या नाहीत," मृणाली हळूच म्हणाली. "थांबून राहिल्या."

"हेच तर मला विलक्षण वाटतं," ऋतिका म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच आदर होता. "ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांनी ठरवलं, मशीनच्या पोटात मशीन असो, त्याच्या पोटात आणखी असो, आलेली हाक टाकायची नाही. घेणारा जागा होईपर्यंत दाराशी उभी ठेवायची. पण ती ठेवतात कशी, मृणाली?"

"खूण करून. हॉस्पिटलात पेशंटने बेल दाबली की खोलीबाहेर दिवा लागतो ना, तसं. एकदा दाबा की चारदा, दिवा एकच. नर्स आली की तिला एवढंच कळतं की कोणीतरी बोलावलंय. किती वेळा, ते नाही."

"म्हणून भोंगा एकदाच वाजला. आणि दार उघडलं तेव्हा नाही, मशीन जागं झालं तेव्हा वाजला. त्या क्षणी बिचारा नवशा नेमका कोपऱ्यावर होता."

नवशाने पहिल्यांदाच मान वर केली.

"आता झोपवलं कोणी? मृणालीने? झोपलेल्याला स्वतःला उठवता येत नाही. दीपेशने? दीपेश, भावेशचं मशीन तुझ्या बाजूने जरा थांबव."

दीपेशने लॅपटॉपवर बोटं फिरवली. पलीकडे खटखटणारं लेबलचं मशीन चूप झालं.

"मालकाने झोपवलं तर भाडेकरूही झोपतो, आणि त्याच्याबरोबर लेबलं. काल आरतीच्या वेळी मात्र लेबलं जमिनीवर वेटोळी होईपर्यंत छापली जात होती. म्हणजे भाडेकरू टक्क जागा होता. झोपला होता फक्त पोटभाडेकरू. मालक जागा, भाडेकरू जागा, आत झोप. हे एकाच माणसाच्या हातात आहे."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. भावेश हसला. "मॅडम, गोष्ट छान आहे. पण असं झोपवता येत नाही. आणि हाका थांबून बिंबून राहत नाहीत. गेल्या की गेल्या."

"मृणाली, त्याचा लॅपटॉप घे. दीपेश, मशीन परत चालू कर."

लेबलचं मशीन पुन्हा खटखटू लागलं. भावेशने लॅपटॉप मागे ओढला, पण मेघालीने तो त्याच्या हातातून काढून मृणालीसमोर ठेवला. "उघड," ती भावेशला म्हणाली. त्याने पासवर्ड घातला. मृणालीने एक कळ दाबली.

"झोपलं," ती म्हणाली.

"काका, दार उघडा," ऋतिका म्हणाली.

केसरीनाथांनी मूठ फिरवली. दार उघडलं. शांतता. लेबलं छापतच होती. त्यांनी दार सोडलं, पुन्हा उघडलं. शांतता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ते पुन्हा येऊन खोक्यावर बसले तरी भोंग्याचा आवाज नाही. सगळे भोंग्याकडे बघत होते.

"आता उठव," ऋतिका म्हणाली.

मृणालीचं बोट खाली गेलं, आणि मिटलेल्या दारासमोर, जिथे कोणीच उभं नव्हतं, भोंगा किंचाळला. एकदाच.

केसरीनाथ खोक्यावरून उठून उभे राहिले. नवशाने भिंतीला हात टेकला.

भावेशचं हसू गेलं होतं. "चार हाका होत्या," तो पुटपुटला. "एकसुद्धा यायला नको होती."

"म्हणून तर काल तू आरतीत निश्चिंतपणे फोनवरून मशीन उठवलंस. मेघालीताई रागावल्या आणि लगेच भोंगा झाला. सगळ्यात जास्त तूच दचकला असशील. गेट बंद झालं, माल आतच अडकला. मग भिस्त उरली भंगाराच्या टेम्पोवर. मेघालीताई, मागची कपाटं उघडायला सांगा. भंगार म्हणून काल तिथे कोणी पाहिलं नाही, आणि चाव्या त्याच्या हातात आहेत."

पहिल्या कपाटात जुन्या तारा निघाल्या. दुसऱ्यात दोन पेट्या, तिसऱ्यात दोन. सील शाबूत. भावेश खाली बसला. बाहेरच्या एका मोबाईलवाल्याशी आधीच बोलणं झालं होतं, असं त्याने पोलीस येण्याआधीच सांगून टाकलं. मृणाली त्याच्याकडे बघत होती, पण रागाने नाही.

"तुला एवढं सगळं येत होतं, भावेश," ती म्हणाली. "झोपवल्याची खूणसुद्धा तू मागे ठेवली नाहीस. हाक थांबून राहते एवढंच वाचायचं राहिलं." मग ती ऋतिकाकडे वळली. "मशीनला किती वेळा हाक आली हे आतून मोजता येत नाही. पण दाराच्या तारेजवळच मोजणी बसवता येईल. उद्याच बसवते."

मेघाली नवशासमोर येऊन उभी राहिली. कडक बाई, पण आवाज बसला होता. "नवशा, माझं चुकलं. भोंग्यावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही ठेवला. माफ कर."

नवशाने गेटच्या दिशेने मान वळवली.

"मॅडम, हितं न्हाय," तो म्हणाला. "माझी बायको गेटवर उभी हाय. सगळ्यांसमोर तिला चोराची बायको बोलले. तुम्ही ता तिथं बोला."

केसरीनाथांना वाटलं, बाई आता चिडेल. पण मेघालीने मान हलवली. ती पुढे निघाली, मागे सगळं गोदाम. पट्टा थांबला, हमाल थांबले, भंगाराचा टेम्पोवालाही उतरून बघू लागला. गेटवर तिने वॉचमनला बाजूला बोलावून घेतलं आणि धाकलीसमोर हात जोडले.

"तुझ्या नवऱ्याने काही चोरलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चूक आमची. तुला बाहेर उभं केलं ती पण आमची."

वॉचमनने टोपी काढली. "माफ करना, बहन," तो म्हणाला.

धाकली पुढे आली. तिने नवशाच्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि सगळ्यांदेखत रडू लागली.

केसरीनाथांनी नाक शिंकरलं. पुतणीकडे पाहून त्यांना पुष्कळ काही बोलायचं होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मृणालीला विचारत होती, पोटातल्या मशीनच्या पोटात आणखी एक मशीन असेल तर हाक पोचते का.

"पोचते," मृणाली हसत म्हणाली. "थोडी उशिरा. पण पोचते."

केसरीनाथांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. "चला रे पोरांनो," ते नवशाला आणि धाकलीला म्हणाले. "गणेशपुरीपर्यंत मीच सोडतू. एसटी कुठं बघत बसता."